पटावरचे साडेतीन शहाणे

आमच्या जेवणाच्या टेबलावर यंदाच्या उन्हाळ्यापासून युद्ध चालू आहे. शनिवारी दुपारची ताटे उचलली की टेबलाची मधली फळी ओढून ते लांब करायचे, वर जुनी हिरवी चादर अंथरायची आणि सैन्य मांडायचे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी १३ वर्षांची नात. संध्याकाळच्या चहापर्यंत निकाल लागतो आणि तो बहुतेक वेळा माझ्या विरुद्ध असतो. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की जन्मभर विद्यार्थ्यांना नापास केले त्याची ही परतफेड आहे.

खेळाचे नाव ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर : टेबलटॉप मिनिएचर्स गेम’. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर तो बेतलेला आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका तुमच्या घरातली तरुण मंडळी पाहत असतील, आणि तुम्ही खोलीत शिरलात की घाईने बंदही करत असतील. हा खेळ मुलांना देताना तेवढे लक्षात असू द्या. खोक्यात आक्षेपार्ह काही नाही, पण खोक्यामुळे कादंबरीची ओढ लागते.

‘मिनिएचर्स गेम’ म्हणजे काय, हे आधी सांगतो. पुण्या-साताऱ्याकडे वाढलेल्यांना दिवाळीतला किल्ला आठवत असेल. विटा-दगड रचायचे, त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरायचे, अळीव पेरायचे आणि बाजारातून मातीची चित्रे आणून मांडायची. वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी गवळण आणि कुठून तरी आलेला एक वाघ. त्या चित्रांना जर चालण्याचे, लढण्याचे, घाबरण्याचे आणि मरण्याचे नियम लावले, तर जे होईल तो हा खेळ. इंच मोजून सैन्य पुढे सरकवायचे आणि फासे टाकून चकमकीचा निकाल लावायचा.

ही कल्पना नवी नाही. प्रशियात राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी ती राजदरबारी आणि मग सैन्यात रुजवली. बापाने १८१२ मध्ये राजाला त्यासाठी खास टेबल बनवून दिले. मुलाने १८२४ मध्ये नकाशा आणि फासे वापरून नियम सुधारले आणि पुढे प्रशियाचे अधिकारी त्यावर शिकले. सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात हा खेळ आणण्याचे श्रेय मात्र एच. जी. वेल्स यांना द्यावे लागते. होय, ‘टाइम मशीन’वाले वेल्स. १९१३ मध्ये त्यांनी ‘लिटल वॉर्स’ नावाचे छोटेसे नियमपुस्तक काढले. त्यात फासे नाहीत. खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी उडवून शिशाचे शिपाई प्रत्यक्ष पाडायचे! खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातले युद्ध कितीतरी बरे, असे त्यांनी त्यात बजावले होते. पुढच्याच वर्षी युरोपात खरे युद्ध पेटले.

आता आमच्या खोक्याकडे येतो. हा खेळ दुकानातून आलेला नाही. ‘सीमॉन’ या कंपनीने २०१७ च्या उन्हाळ्यात ‘किकस्टार्टर’वर त्यासाठी पैसे गोळा केले आणि १६ लाख डॉलरांहून अधिक जमवले. माझ्या मुलाने तेव्हा पैसे भरले आणि खोका यंदा दारात आला. या पद्धतीला ‘क्राउडफंडिंग’ म्हणतात. आपल्याला ती अनोळखी वाटायचे कारण नाही. गेल्या शतकाच्या आधीपासून मराठी ग्रंथकार आश्रयदाते गोळा करून पुस्तके छापत आले आणि त्यांच्या याद्या पुस्तकात देत आले. आपल्या पिढीने प्रकाशनपूर्व सवलतीत कितीतरी खंड नोंदवले आहेत. फरक इतकाच, की तेव्हा प्रकाशक ओळखीचा असे आणि खंड रखडले तर त्याच्या दुकानात जाऊन बसता येत असे.

किकस्टार्टर २००९ पासून चालू आहे. ठरवलेली रक्कम जमली तरच लोकांचे पैसे घेतले जातात, नाहीतर कोणाचाही एक पैसा जात नाही. ही सोय चांगली आहे. पण रक्कम जमल्यावर वस्तू मिळेलच, याची हमी ते संकेतस्थळ देत नाही. ते दुकान नव्हे. २०१२ मध्ये एका पटावरच्या खेळासाठी १ लाख २२ हजार डॉलरांहून अधिक जमा झाले आणि पुढच्या वर्षी प्रकल्प गुंडाळला गेला. २०१५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली. क्राउडफंडिंगच्या प्रकरणात या संस्थेने हात घालण्याची ती पहिलीच वेळ. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचे असेच, दुसऱ्या एका खेळात, पैसे बुडाले. त्यांनी ती गोष्ट घरात अजून सांगितलेली नाही, म्हणून मीही नाव घेत नाही.

दुसरा धोका अधिक गोड आहे. मोहीम चालू असताना रक्कम जसजशी वाढते, तसतशी कंपनी आणखी पुतळे देऊ करते. आज एक सरदार, उद्या एक घोडदळ. माणूस खेळ विकत घ्यायला जातो आणि फौज पदरी बाळगून परततो. आमच्या तळघरात अजून न उघडलेली खोकी आहेत. माझे स्पष्ट मत असे, की स्टार्क आणि लॅनिस्टर या दोन घराण्यांचा मूळ संच दोघांना वर्षभर पुरतो. २०१८ मध्ये दुकानात तो सुमारे १५० डॉलरला मिळत असे. तेवढाच घ्या.

पुतळे साधारण सव्वा इंचाचे. जोडलेले येतात, म्हणजे गोंद आणि कात्री घेऊन बसावे लागत नाही. नवख्यांना हा मोठा दिलासा आहे, कारण या प्रकारच्या पुष्कळ खेळांत पहिला महिना पाय आणि हात चिकटवण्यातच जातो. पण रंगवलेले नसतात, एकाच रंगाच्या प्लॅस्टिकचे असतात, आणि एका तुकडीत तेच-तेच तीन-चार चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात. मातीच्या मावळ्यांचे डोळे तिरळे असत, पण प्रत्येकाचे वेगळे तिरळे असत. आम्ही रंगवायला घेतले आहेत. माझा हात थरथरतो, त्यामुळे ढाली माझ्याकडे आणि चेहरे नातीकडे, अशी वाटणी आहे.

लढाईचे यंत्र मला आवडले. पायदळाची तुकडी १२ जणांची, चारचार जणांच्या तीन रांगांत. एका तबकात ते उभे असतात आणि तबकासकट सरकतात. हल्ला करताना ठरलेले फासे टाकायचे. जितके वार लागले तितक्यांसाठी समोरचा आपले फासे टाकून बचाव करतो. माणसे पडली आणि एक रांग संपली की त्या तुकडीला टाकायचे फासेही कमी होतात. थकलेली पलटण कमी मारते, हे किती साधेपणाने आले पाहा.

त्यानंतर येते धीराची परीक्षा. मार खाल्लेल्या तुकडीने दोन फासे टाकायचे आणि त्यांची बेरीज तिच्या आकड्याइतकी किंवा जास्त आली पाहिजे. नाही आली तर तुकडी बिथरते आणि आणखी माणसे गमावते. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले, तेव्हा इथे थोडे थांबू द्या. दोन फाशांचे ३६ प्रकार होतात. धीराचा आकडा ६ असेल तर त्यांतले १० प्रकार नापासाचे, म्हणजे शंभरात साधारण २८. परीक्षा थोडी कठीण झाली आणि ७ हवे झाले, तर नापासाचे १५. ८ हवे झाले तर २१, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा दाणादाण. आकडा दोनच घरे सरकला आणि धोका दुप्पट झाला. बगलेवरून किंवा पिछाडीवरून का घुसायचे, हे नातीला मी शब्दांत सांगून पाहिले, पटले नाही. ३६ चौकोनांचा तक्ता काढून दाखवला, तेव्हा पटले. आमच्या लढायांत तलवारीने जितके मरतात, जवळजवळ तितकेच घाबरून मरतात. पानिपतावर विश्वासराव पडल्यावर आणि भाऊसाहेब हत्तीवर दिसेनासे झाल्यावर काय झाले, ते आठवा.

पण या खेळाचे खरे मोल रणांगणाच्या बाहेर आहे, आणि हे परीक्षण लिहायला मी बसलो तो त्यासाठीच.

पटाच्या कडेला एक वेगळी पाटी असते. तिच्यावर पाच घरे. प्रत्येक बाजूकडे न लढणारी एक-दोन माणसे असतात. लॅनिस्टरांकडे राणी सर्सी, स्टार्कांकडे सान्सा. ती रणात उतरत नाहीत. आपली पाळी आली की या घरांपैकी एकात जाऊन बसतात. घरांची इंग्रजी नावे आम्ही बाजूला ठेवली आणि नातीबरोबर मराठी नावे ठरवली : मुकुट, खलिता, खजिना, तलवार, घोडा. मुकुटावर बसलात तर शत्रूच्या एका तुकडीला धीराची परीक्षा द्यावी लागते, तिला कोणी हातही न लावता. खलित्यावर बसलात तर डावपेचाचा पत्ता मिळतो. खजिन्यावर बसलात तर पडलेली माणसे पुन्हा उभी राहतात. (पगार वाटला की पांगलेली फौज परत येते, असा मी त्याचा अर्थ लावतो.) तलवार म्हणजे एक जादा हल्ला, घोडा म्हणजे एक जादा चाल. आणि गंमत अशी, की एक घर एकाने धरले की त्या फेरीत ते दुसऱ्याला बंद!

पाळ्याही आलटून पालटून असतात. एक तुकडी मी हलवायची, एक तिने. मुत्सद्दी बसवणे हीसुद्धा एक पाळीच. म्हणजे ऐन घाईत, तुमची घोडेस्वारांची तुकडी शत्रूच्या बगलेवर झेपावायला सज्ज असताना, प्रश्न पडतो : झेप घ्यावी, की आधी खलिता धरावा? मी नेहमी झेप घेतो. नात खलिता धरते. पहिल्या चार लढाया मी अशाच हरलो. माझा रॉब स्टार्क त्याच्या लांडग्यासह शत्रूच्या रांगा फोडत असायचा, आणि पाटीवर सर्सी निवांत बसलेली.

चौथ्या पराभवानंतर मी तिला साडेतीन शहाण्यांची गोष्ट सांगितली. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, आणि नाना फडणवीस अर्धा. अर्धा का, तर बुद्धी पुरी होती पण तलवार चालवणारा गडी नव्हे. ती म्हणाली, “आबा, दॅट्स नॉट फेअर. नाना तर खलित्यावर बसला होता ना?” मी ३५ वर्षे वर्गात उभा राहिलो, पण नाना फडणविसांवर इतके नेमके भाष्य मला कोणी ऐकवले नव्हते. बुद्धिबळातसुद्धा वजीर शेवटी मारामारीच करतो. लेखणी आणि थैली यांना पटावर स्वतःचे आसन देणारा खेळ मी हा पहिलाच पाहिला. एरिक लँग आणि मायकेल शिनॉल या रचनाकारांना त्यासाठी माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण.

गुण कापायचे ते असे. नियमपुस्तिका बरी आहे, पण पत्त्यांवरचा मजकूर बारीक आणि वकिली थाटाचा. चष्मा लावूनही मला दोनदा वाचावा लागतो आणि दोनदा वाचून दोन अर्थ निघतात. नवे सरदार येतील तसे जुने पत्ते दुबळे ठरतील आणि पुन्हा खरेदी करावी लागेल, अशी शंका आहे. आणि एक तक्रार सगळ्याच जातीच्या खेळांविषयी : या पटावर गाव नाही. कुंपण आहे, झाडी आहे, पण ज्याच्या शेतातून हे घोडे चालले तो माणूस कुठेही नाही. आपल्या किल्ल्यावर निदान गवळण असायची, विहीर असायची, आणि लढाई तर कधी व्हायचीच नाही. चार दिवस मांडायचा, पणत्या लावायच्या, शेजाऱ्यांना दाखवायचा. मी हे बोलून दाखवले तर नातीने पुढच्या शनिवारी कार्डबोर्डची तीन घरे करून पटाच्या मधोमध ठेवली आणि नियम केला की त्यांच्यावरून तबक नेले तर एक गुण वजा. पुस्तिकेत असा नियम नाही. आम्ही तो पाळतो. त्यामुळे डाव अर्धा तास लांबतो.

यंदा गराजमध्ये किल्लाही करतो आहोत. माती होम डेपोची, गोणपाट बटाट्याच्या पोत्याचे. मावळे मागच्या भारतवारीत आणले, त्यांतल्या दोघांचे भाले सामानात मोडले. त्यांना लॅनिस्टरांचे भाले लावायचे की नाही, यावर घरात मतभेद आहेत.

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला आम्ही खोका घेऊन येणार आहोत. जेवणानंतर मागच्या बाजूला एक लांब टेबल मिळेल, असे कार्यकारिणीने कबूल केले आहे. शिकायला अर्धा तास पुरे. नात कोणाशीही खेळायला तयार आहे, मोठ्यांशी विशेष. तिच्याशी बसलात तर एवढेच सांगतो, की पहिल्या पाळीला खलिता धरा. ती तो सोडणार नाही.