गाठीलाच भूल

टेबलावरची बाई गाढ झोपेत आहे. भूलतज्ज्ञांनी तिला पूर्ण भूल दिली आहे, तेव्हा तिला ना वेदना कळणार, ना आवाज. तरीही सर्जन सुरी घेण्याआधी सिरिंज मागून घेतात आणि स्तनातल्या गाठीच्या भोवती सगळ्या बाजूंनी, अगदी वरून आणि खालूनही, लिग्नोकेन टोचतात. दात काढण्याआधी हिरडीत देतात तेच हे जागा बधिर करणारं औषध. मग सात ते दहा मिनिटं थांबायचं आणि त्यानंतर गाठ काढायला घ्यायची.

जिला काहीच जाणवत नाही तिला बधिर कशाला करायचं? कारण ही भूल बाईसाठी नाहीच. ती गाठीतल्या पेशींसाठी आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना २०११च्या डिसेंबरपासून पुढची दहा वर्षं तपासली. देशातल्या ११ केंद्रांमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग असलेल्या १६०० स्त्रिया या अभ्यासात आल्या. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलेलं. निम्म्या जणींना इंजेक्शन, निम्म्या जणींना नाही. शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची केमो, रेडिएशन वगैरे उपचार दोन्हीकडे नेहमीसारखेच. निकाल २०२३ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये आला. इंजेक्शन न मिळालेल्या गटात पाच वर्षांनी ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या, इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के. आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण ८२.६वरून ८६.६ टक्क्यांवर गेलेलं.

हे आकडे घाईने वाचून पुढे जाऊ नका. शंभर जणींमागे जवळजवळ चार जणी जास्त जगल्या. कर्करोगाच्या नव्या औषधांना एवढ्या फरकासाठी लाखो रुपये मोजावे लागतात. इथे खर्च माणशी शंभर रुपयांच्या आसपास, आणि औषध तर बहुतेक ऑपरेशन थिएटरांत आधीपासूनच असतं.

मला सर्वांत थक्क करते ती वेळ. केमो महिनोन्‌महिने चालते, हार्मोनच्या गोळ्या पाच-पाच वर्षं घ्याव्या लागतात. आणि इथे दहा मिनिटांचा परिणाम पाच वर्षांनंतर मोजता येतो! याचा अर्थ शस्त्रक्रियेच्या त्या थोड्या वेळात गाठीत काहीतरी फार मोठं घडत असलं पाहिजे. सर्जनची बोटं गाठ हाताळतात, कापताना तिचा रक्तपुरवठा तुटतो. हा धक्का पेशींना कळतो आणि त्यांतल्या काही निसटून दूरच्या अवयवात घर करायच्या तयारीला लागतात, अशी बडवे यांच्या चमूची धारणा. स्तनातली गाठ सहसा जीव घेत नाही. जीव घेतो तो तिथून यकृतात, फुप्फुसात, हाडांत पोचलेला कर्करोग.

पण दाताच्या औषधाचा याच्याशी काय संबंध? आपल्या नसांमधून संदेश जातो तो सोडियममुळे. पेशीच्या आवरणात सोडियमला आत घेणाऱ्या सूक्ष्म वाटा असतात. लिग्नोकेन त्या बंद करतं आणि वेदनेची खबर मेंदूकडे जातच नाही. आता खरी गंमत. स्तनाच्या आक्रमक कर्करोगाच्या पेशींवरही तशाच वाटा सापडतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले मुस्तफा जामगोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये दाखवलं, की त्यातली एक वाट मुळात हृदयाच्या स्नायूतली आहे आणि कर्करोगाची पेशी तिचं नवजात अवस्थेतलं रूप वापरते. ती वाट अडवली, की प्रयोगशाळेत पेशींचं आजूबाजूला घुसणं मंदावतं. हृदयाचे बिघडलेले ठोके सावरण्यासाठी डॉक्टर लिग्नोकेन शिरेतून देत आले आहेत, तेही याच वाटेच्या भरवशावर. हिरडी, हृदय आणि स्तनातली गाठ यांना जोडणारा धागा सोडियमच्या एका कणाएवढा बारीक आहे.

या औषधाचा जन्मही तसाच अवचित झाला. १९३०च्या दशकात स्वीडनमध्ये बार्लीतल्या ग्रामिन नावाच्या रसायनावर काम चालू होतं. त्याचं एक भावंड बनवून होल्गर एर्डटमन यांनी जिभेवर ठेवून पाहिलं, आणि जीभ बधिर झाली! तो माग धरून नील्स लोफग्रेन यांनी १९४३ साली लिग्नोकेन तयार केलं. तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्टने ते स्वतःलाच टोचून पाहिलं. १९४८मध्ये ते झायलोकेन नावाने बाजारात आलं.

टाटाच्या अभ्यासावर आक्षेपही आहेत आणि ते रास्त आहेत. दुसऱ्या गटाला नुसतं सलाईन टोचलेलं नव्हतं, त्यामुळे फरक औषधाचाच की गाठीभोवती द्रव भरल्याचाही, हे ठामपणे वेगळं करता येत नाही. सोडियमच्या वाटांची गोष्ट प्रयोगशाळेत दिसते; या स्त्रियांच्या शरीरात तेच घडलं याचा थेट पुरावा या अभ्यासात नाही. आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया यात नव्हत्या. म्हणूनच इतर देशांत हा प्रयोग पुन्हा व्हायला हवा. पेटंट कधीच संपलेल्या या औषधात कुठल्याही कंपनीला नफा नाही, तेव्हा असे अभ्यास सार्वजनिक पैशावरच होणार. टाटाच्या अभ्यासामागेही अणुऊर्जा विभाग होता.

आणि दुसऱ्या गाठींचं काय? आतड्यातल्या किंवा फुप्फुसातल्या गाठीला चहूबाजूंनी सुई टोचणं अवघड आहे. पण तोंडातली गाठ डोळ्यांना दिसते, बोटाला लागते, आणि तंबाखूपायी आपल्याकडे गावोगाव तिचे रुग्ण आहेत. तिच्याभोवती लिग्नोकेन टोचून सात मिनिटं थांबलं तर पाच वर्षांनी काय दिसेल, हे जाणून घ्यायची मला विलक्षण उत्सुकता आहे.