ख्रिस्ती आनंद आणि शांती : देणगीही, साधनाही



प्रत्येक मिस्साबलिदानात कम्युनियनपूर्वी धर्मगुरू आपल्याला प्रभूची शांती देतात आणि आपण शेजाऱ्याकडे वळून हात जोडतो किंवा हस्तांदोलन करतो. दोन-चार क्षणांत हा विधी आटोपतो. प्रभुमंदिराबाहेर पाऊल टाकताच कापसाचा भाव, सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, भावकीतला बांधाचा वाद हे सारे पुन्हा समोर उभे राहते. मग अनेक भाविकांच्या मनात एक खंत घर करते. ‘आम्ही जपमाळ करतो, रविवार पाळतो, तरीही आमच्या जीवनात आनंद का नाही? आमची श्रद्धाच कमी पडते काय?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. ख्रिस्ती आनंद म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे उत्तर सापडणार नाही.

अजिंठ्याच्या पायथ्याशी

आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या उत्तर सीमेजवळ, अजिंठ्याचा घाट उतरल्यावर सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे गाव लागते. जगप्रसिद्ध लेण्यांकडे जाणारी वाट येथूनच फुटते. येथील माणसाचा संसार दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक पाऊस आणि दुसरी पर्यटकांची वर्दळ. पाऊस वेळेवर झाला तर कापूस व मका हाती येतो. पर्यटक आले तर दुकानदार, वाहनचालक, वाटाडे, रंगीत दगड व मण्यांच्या माळा विकणारे यांच्या घरी चूल नीट पेटते. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे लेणी अनेक महिने बंद राहिली आणि गजबजलेला रस्ता ओस पडला. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली. ज्या पावसाची वाट पाहिली, त्यानेच घात केला.

परिस्थिती अनुकूल असताना वाटणारे समाधान वाईट नाही. तेही देवाचेच दान आहे. परंतु ते परिस्थितीबरोबर येते आणि परिस्थितीबरोबरच जाते. ख्रिस्ताने ज्या आनंदाचे वचन दिले, तो कोणीही हिरावून घेऊ शकणार नाही असे त्याने शिष्यांना सांगितले (योहान १६:२२). म्हणून या दोहोंतील भेद ओळखणे हे पहिले पाऊल होय.

फर्दापूरजवळच्या त्या लेण्यांत शतकानुशतके बौद्ध भिक्खूंनी पावसाळ्याचे दिवस ध्यानधारणेत घालविले. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीचा प्रशांत चेहरा पाहून कोणत्याही धर्माचा माणूस क्षणभर स्तब्ध होतो. दुःखाचे मूळ तृष्णेत आहे, ही भगवान बुद्धांची शिकवण मानवी मनाचे खोल निरीक्षण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली अन्य धर्मांविषयीच्या आपल्या घोषणापत्रात, त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा आपण या वारशाकडे आदरानेच पाहावे. त्याचबरोबर आपल्या श्रद्धेचे वेगळेपणही जाणावे. ख्रिस्ती मनुष्याला शांती एका व्यक्तीच्या भेटीतून लाभते. ती व्यक्ती म्हणजे पुनरुत्थित प्रभू येशू.

जखमा दाखविणारा प्रभू

योहानाच्या शुभवर्तमानातील विसावा अध्याय या दृष्टीने मननीय आहे. शिष्य भीतीने दारे बंद करून बसले होते. गुरूला सोडून पळाल्याची लाज त्यांच्या मनात होती. प्रभू त्यांच्या मध्ये उभा राहिला, त्याने त्यांना शांती दिली आणि लगेच आपले हात व कूस दाखविली. दोषारोपाचा एक शब्दही त्याने उच्चारला नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, पुनरुत्थानानंतरही प्रभूच्या देहावरील खुणा पुसल्या गेल्या नाहीत. म्हणजेच ख्रिस्ताची शांती जखमांसह नांदते. सर्व संकटे संपल्यावर मगच ती येईल, अशी वाट पाहण्याचे कारण नाही. दुसरी, त्या भेटीत शांतीपाठोपाठ पापक्षमेचा अधिकार दिला गेला. क्षमा आणि शांती यांची ताटातूट करता येत नाही.

‘शालोम’ या इब्री शब्दाचा अर्थ केवळ भांडण नसणे एवढाच होत नाही. परिपूर्णता, आरोग्य, देवाशी व शेजाऱ्याशी सरळ नाते असा त्याचा व्यापक आशय आहे. यशया संदेष्टा तर शांतीला नीतिमत्त्वाचे फळ म्हणतो (३२:१७). मजुराची मजुरी बुडविणाऱ्याने किंवा भावाच्या वाट्याची जमीन दाबणाऱ्याने कितीही प्रार्थना केली, तरी त्याला ही शांती लाभणे कठीण आहे.

संत पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले ते बंदिवासात असताना. सुटका होईल की मृत्युदंड, हे त्याला ठाऊक नव्हते. तरीही त्या चार लहान अध्यायांत मूळ ग्रीक भाषेत आनंदाचे शब्द सोळा वेळा येतात. विशेष म्हणजे, विपुलतेत व अडचणीत समाधानी राहण्यास आपण शिकलो आहोत, असे तो सांगतो (४:११-१२). जी गोष्ट प्रेषितालाही शिकावी लागली, ती आपल्याला एका दिवसात साधली नाही म्हणून निराश होण्याचे कारण काय?

गलतीकरांस पत्रात तोच पौल प्रीती, आनंद व शांती यांना पवित्र आत्म्याचे फळ म्हणतो (५:२२). शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बोंड फोडणे कोणाच्या हाती नसते. परंतु नांगरणी, निंदणी व राखण आपल्याच हाती असते. आनंद ही देवाची देणगी आहे आणि तिच्यासाठी जमीन तयार करणे ही आपली साधना आहे.

संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा मार्ग

मराठवाड्यातील ख्रिस्तसभेला या बाबतीत एक थोर गुरू लाभलेला आहे. १८९२ साली घोगरगाव येथे आपल्या भागातील प्रेषितकार्याचा प्रारंभ झाला, तो संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव धारण करणाऱ्या मिशनरी संघाच्या धर्मगुरूंकडून. हा संघ १८३८ साली फादर पिएर मेर्मिए यांनी ॲनसी येथे स्थापन केला होता. १९७७ साली औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याच्या पायात या मिशनरींचे कष्ट आहेत.

संत फ्रान्सिस (१५६७–१६२२) सौम्यतेसाठी ओळखले जातात. पण ती सौम्यता त्यांना जन्मतः मिळाली नव्हती. त्यांचा स्वभाव मुळात तापट होता. पॅरिसमध्ये शिकत असताना, आपले तारण होणारच नाही अशा भयंकर विचाराने त्यांना काही आठवडे ग्रासले आणि ते आजारी पडले. पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून, पुढे काहीही होवो, या जन्मी मी देवावर प्रेम करीन, असा निश्चय त्यांनी केला तेव्हा ते मळभ दूर झाले. भविष्याचा हिशेब देवावर सोपवून आज प्रेम करणे, हेच त्यांच्या पुढील शिकवणीचे बीज ठरले.

१६०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भक्तिजीवनावरील ग्रंथात, पापाखालोखाल आत्म्याची सर्वांत मोठी हानी अस्वस्थतेने होते, असे ते प्रतिपादन करतात. जाळ्यात सापडलेला पक्षी जितकी फडफड करतो तितका अधिक गुरफटतो, हा त्यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. संकटातून सुटण्याचा प्रयत्न अवश्य करावा, मात्र आधी मन स्थिर करून मग पाऊल उचलावे. स्वतःच्या चुकांवर स्वतःलाच शिव्याशाप देत बसू नये. सौम्यपणे स्वतःला उठवावे व पुन्हा चालू लागावे, असेही ते सांगतात. त्यांचा सण आपण २४ जानेवारीला साजरा करतो.

दुःखी माणूस अश्रद्ध असतो काय?

याचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘नाही’ असेच आहे. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूचा जीव अतिशय खिन्न झाला होता आणि लाजराच्या कबरेपाशी तो रडला. ख्रिस्ती आनंद म्हणजे चेहऱ्यावर चढविलेले हसू नव्हे.

मराठवाड्यात वर्षानुवर्षे शेकडो शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले आहे. कर्ज, नापिकी, व्यसन आणि एकटेपणा एकवटले की बळकट माणूसही खचतो. अशा वेळी ‘प्रार्थना कमी पडली’ असे म्हणणे हे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय. सतत झोप न येणे, अन्नावरची वासना जाणे, जगणे निरर्थक वाटणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. तापासाठी आपण डॉक्टरांकडे जातो, तसेच यासाठीही जावे. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. औषध घेणे हा विश्वासाचा अभाव नाही. वैद्यही देवाच्याच कृपेचे साधन आहे.

ज्यांच्या घरी असा मृत्यू घडला आहे, त्यांनी हेही जाणावे. तीव्र मानसिक यातनांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये, अशी ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाची शिकवण आहे (परिच्छेद २२८२-२२८३). त्यांच्यासाठी मिस्सा अर्पावी आणि त्या कुटुंबाला कधीही एकटे पाडू नये.

रोजच्या जीवनात

ही साधना मोठ्या गोष्टींनी सुरू करण्याची गरज नाही. रात्री निजण्यापूर्वी दिवसभरातील तीन गोष्टींसाठी देवाचे आभार मानावेत. उपकारस्मरणाने तक्रारीचे तण मरते. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा, हा पौलाचा उपदेश (इफिस ४:२६) पती-पत्नींनी विशेष पाळावा. उद्याची चिंता उद्यावर सोपविताना आजचे काम नेटाने करावे. पापनिवेदन संस्कार पुढे ढकलू नये, कारण ओझे वाहणारा माणूस फार काळ गाऊ शकत नाही. लग्नकार्यात ऐपतीबाहेर खर्च टाळणे हीदेखील शांतीचीच सेवा आहे. आणि धर्मग्रामातील जो शेजारी काही आठवड्यांपासून चर्चला दिसलेला नाही, त्याच्या घरी जाऊन चहा घ्यावा. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली शुभवर्तमानाच्या आनंदावर प्रेषितीय बोधपत्र लिहिले. त्यात, जे मन स्वतःतच कोंडून घेते तेथे इतरांना जागा उरत नाही व देवाच्या प्रेमाचा आनंदही आटतो, असे त्यांनी बजावले आहे.

येत्या रविवारी शांतीची खूण देताना, ज्याच्याशी आपण बोलत नाही अशा एका व्यक्तीचे नाव मनात आणू या. त्या दिवशी मिस्साबलिदानानंतर प्रथम तिच्या दारी जाऊ या. दारे बंद असतानाही जो आत आला, तो पुनरुत्थित प्रभू आपल्या घरांत, शेतांत व खचलेल्या मनांत आपली शांती नांदवो, हीच प्रार्थना.