बस निम्मी रिकामी, मग मी दारात का?

'शहरातल्या बस सरासरी निम्म्या रिकाम्या धावतात असं छापून येतं, मग मला रोज दारात का लोंबकळावं लागतं?' एका वाचकाचा हा वैतागलेला प्रश्न. गंमत अशी, की आकडा खोटा असायलाच हवा असं नाही आणि वाचक तर नाहीच नाही.

समजा, स्टॉपवर एकापाठोपाठ दोन बस आल्या. पहिलीत 70 माणसं, दुसरीत 10. नियंत्रण कक्षातला डॅशबोर्ड सांगणार : दोन बस, 80 प्रवासी, सरासरी 40. सगळं आलबेल! आता तोच प्रश्न प्रवाशांना विचारून बघा, 'तुमच्या गाडीत किती जण होते?' 80 पैकी 70 जण 'सत्तर' म्हणतील, उरलेले 10 जण 'दहा'. या उत्तरांची सरासरी येते साडेबासष्ट. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. फरक एवढाच, की पहिल्या हिशेबात रिकाम्या बसलाही भरलेल्या बसइतकंच एक मत आहे, आणि दुसऱ्यात मत माणसांना आहे. रिकाम्या बसच्या बाजूनं साक्ष द्यायला माणसं असणार तरी किती?

बरं, या बस अशा जोडीनं का येतात? पहिलीला दोन मिनिटं उशीर झाला की स्टॉपवर माणसं साठतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर, म्हणून पुढच्या स्टॉपवर आणखी माणसं. मागच्या बसला मात्र कोणी उरतच नाही. ती सुसाट येऊन पहिलीच्या पाठीला चिकटते. ड्रायव्हरला शिव्या घालण्यात अर्थ नाही. न्यूएल आणि पॉट्स या दोघांनी 1964 मध्येच याचं गणित मांडून ठेवलंय. (यातले पॉट्स म्हणजे ज्यांच्या नावाचं 'पॉट्स मॉडेल' भौतिकशास्त्राचे विद्यार्थी घोकतात, तेच.)

पण हे 70 आणि 10 डॅशबोर्डला कळतात कसे? लंडनचंच घ्या. तिथं बसमध्ये चढताना कार्ड टेकवायचं, उतरताना नाही. कितीही लांब जा, भाडं एकच, मग उतरल्याची नोंद कशाला? त्यामुळे तुम्ही कुठं चढलात हे संगणकाला कळतं, कुठं उतरलात ते कळत नाही. ते तो ताडतो. संध्याकाळी तुम्ही ज्या स्टॉपवरून बस पकडली, त्याच्याच आसपास सकाळी उतरला असणार. आणि दिवसातली शेवटची बस तुम्ही सकाळच्या पहिल्या स्टॉपजवळ सोडली असणार, म्हणजे घराशी. युक्ती नामी आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत चालूनही जाते. मात्र ऑफिसातून कोणाच्या स्कूटरवर मागे बसून घरी गेलात, की साखळी तुटली.

आपल्याकडे यासाठी एवढी हुशारी लागतच नाही. कंडक्टर जवळ येतो, तिकिटाच्या यंत्रावर बोट ठेवून विचारतो, 'कुठं?' भाडं टप्प्यांवर असल्यामुळे चढण्याचा आणि उतरण्याचा असे दोन्ही टप्पे नोंदवले जातात. लंडनचा संगणक जे ताडत बसतो, ते इथं एका शब्दात मिळतं! मुंबईच्या लोकलचं मात्र उलट. मासिक पास कुठून कुठपर्यंतचा आहे हे रेल्वेला ठाऊक असतं, पण त्यावर तुम्ही 8:12 ची गाडी पकडता की 8:20 ची, याची कुठेच नोंद नाही.

अशा डॅशबोर्डवर हमखास दिसणारं चित्र म्हणजे नकाशावरच्या जाड-बारीक रेषा. जितके प्रवासी जास्त, तितकी रेषा जाड. या कल्पनेचं श्रेय बहुतेक जण फ्रान्सच्या मिनार यांना देतात, कारण नेपोलियनच्या रशिया मोहिमेचा त्यांचा 1869 चा नकाशा पुस्तकापुस्तकांतून छापला जातो. मला हा अन्याय वाटतो. मिनार यांच्या कितीतरी आधी, 1837 मध्ये, हेन्री ड्र्युरी हार्नेस नावाच्या ब्रिटिश लष्करी अभियंत्यानं तसा नकाशा काढला होता. तेव्हा आयर्लंडमध्ये डब्लिन ते किंग्जटाउन एवढी एकच रेल्वे होती. पुढचे रूळ कुठं टाकायचे ते ठरवायला सरकारनं आयोग नेमला. नियमित धावणाऱ्या घोडागाड्यांतून कोणत्या रस्त्यानं किती माणसं जातात, ते हार्नेसनं रेषांच्या जाडीतून दाखवलं. नकाशा अहवालासोबत कपाटात गेला. 1955 मध्ये आर्थर रॉबिन्सन या अमेरिकी नकाशातज्ज्ञानं तो पुन्हा उजेडात आणला. मधल्या काळात हार्नेस हिंदुस्थानात येऊन 1858 च्या लखनौच्या वेढ्यात लढूनही गेला होता.

त्या नकाशाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचं शीर्षक. रेषा फक्त नियमित सार्वजनिक गाड्यांतल्या प्रवाशांच्या आहेत, हे त्यातच स्पष्ट सांगितलंय. पायी जाणारा शेतमजूर त्यात नाही आणि तो आहे असा दावाही नाही. आजच्या पडद्यांवर 'प्रवाशांचे वर्तन' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात दिसतं ते कार्डांचं आणि तिकिटांचं वर्तन. खच्चून भरलेली बस स्टॉपवर न थांबता पुढे निघून गेली, तर पडद्यावर ती 'वेळेवर' ठरते. चार हात वर करून शेवटी शेअर रिक्षाकडे वळलेल्या बाईंची नोंद त्यात कुठेही नसते.

तेव्हा वाचकहो, परिवहनवाले सरासरी गर्दीचा आकडा सांगतील तेव्हा एवढं जरूर विचारा : ही सरासरी बसची की प्रवाशाची? आणि स्टॉपवर राहून गेलेले कोणत्या रकान्यात आहेत?