स्थानिक चाचणी परिदृश्ये व चाचणी व्यवस्थापन प्रणाली : समक्रमणाच्या मांडणीचा एक विचार

सारांश : संगणक प्रणालीच्या चाचण्या आज बहुधा दोन ठिकाणी नोंदविल्या जातात : विकसकाच्या संगणकावरील परिदृश्यांच्या फाइलींमध्ये आणि संस्थेच्या चाचणी व्यवस्थापन प्रणालीमध्ये. या दोन नोंदींत तफावत पडल्यास चाचणीचा निकालच अविश्वसनीय ठरतो. प्रस्तुत लेखात अझुर डेव्हऑप्स ही प्रणाली व स्पेकसिंक हे साधन यांच्या आधारे समक्रमणाची मांडणी कशी करावी, आणि त्यामागे कोणते निर्णय घ्यावे लागतात, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : चाचणी परिदृश्य, घर्किन, समक्रमण, अझुर डेव्हऑप्स, स्पेकसिंक.

१. प्रस्तावना

महाविद्यालयातील प्रत्येक ग्रंथपालास दाखल नोंदवहीचे महत्त्व ठाऊक असते. ग्रंथालयात आलेल्या पुस्तकास दाखल क्रमांक दिला जातो. तोच क्रमांक पुस्तकावर लिहिला जातो आणि नोंदवहीतही लिहिला जातो. कपाटातील पुस्तक आणि नोंदवहीतील ओळ यांना जोडणारा दुवा म्हणजे हा क्रमांक होय. तो पुसला गेला, तर पुस्तक असूनही हरवल्यासारखेच असते.

संगणक प्रणालीच्या चाचण्यांबाबत नेमकी हीच समस्या उद्भवते. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांचे परीक्षण करताना प्रस्तुत लेखकास असे वारंवार आढळले की, अहवालातील चाचणी तक्त्यात एक नियम असतो आणि प्रत्यक्ष चाचणीच्या फाइलीत दुसराच. विद्यार्थ्यांचा हेतू फसवणुकीचा नसतो. फाइल बदलली जाते, तक्ता बदलायचा राहून जातो, इतकेच. परंतु ‘चाचणी उत्तीर्ण’ हा शेरा वाचणाऱ्याची मात्र दिशाभूल होते.

२. परिदृश्य म्हणजे काय ?

डॅन नॉर्थ यांनी मांडलेल्या वर्तनाधारित विकास या पद्धतीत प्रणालीचे अपेक्षित वर्तन साध्या भाषेतील उदाहरणांतून लिहिले जाते. अशा उदाहरणास परिदृश्य म्हणतात. २००८ साली आस्लाक हेलेसॉय यांनी कुकुंबर हे साधन निर्माण केले. परिदृश्ये लिहिण्याची त्याची घर्किन ही भाषा पुढे सर्वत्र रूढ झाली. घर्किनमधील संकेतशब्द सत्तरहून अधिक भाषांत उपलब्ध असून त्यांत मराठीचाही समावेश आहे. त्यामुळे पुढील परिदृश्य हे केवळ वर्णन नसून संगणकास वाचता येईल असा मजकूर आहे :

वैशिष्ट्य: ग्रंथालयाचे विलंब शुल्क

@टीसी:१०४२ @स्टोरी:३१७
परिदृश्य: मुदतीनंतर पुस्तक परत करणे
दिलेल्या प्रमाणे परतीची मुदत १० तारखेपर्यंत आहे
आणि प्रतिदिन विलंब शुल्क १ रुपया आहे
जेव्हा विद्यार्थी १५ तारखेला पुस्तक परत करतो
मग विलंब शुल्क ५ रुपये आकारले जाते

परिदृश्याच्या वर ‘@’ या चिन्हाने सुरू होणाऱ्या खुणा आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत लिहिल्या जातात; येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दाखविल्या आहेत. त्यांचे कार्य पुढे स्पष्ट होईल.

३. दोन नोंदी का लागतात ?

एकच नोंद ठेवली तर तफावतीचा प्रश्नच उरणार नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु दोन्ही नोंदींचे वाचक भिन्न आहेत. परिदृश्याची फाइल प्रणालीच्या मूळ संहितेसोबत राहते. संहिता बदलली की परिदृश्यही त्याच वेळी बदलता येते आणि जुन्या आवृत्त्या जपल्या जातात. याउलट चाचणी व्यवस्थापन प्रणाली ही हाताने चाचणी करणारे परीक्षक, व्यवस्थापक व लेखापरीक्षक यांच्यासाठी असते. कोणती चाचणी कोणत्या गरजेशी निगडित आहे, ती केव्हा घेतली व निकाल काय लागला, हे त्यांना फाइली न उघडता पाहावयाचे असते.

अझुर डेव्हऑप्समध्ये प्रत्येक चाचणी ही स्वतंत्र क्रमांक असलेली नोंद असते. तिच्यात पायऱ्या, प्रत्येक पायरीचा अपेक्षित परिणाम, स्थिती, जबाबदार व्यक्ती इत्यादी रकाने असतात. स्पेकसिंक हे साधन परिदृश्याचे रूपांतर अशा नोंदीत करते. एकाच परिदृश्यात उदाहरणांचा तक्ता असेल, तर त्यातील मूल्ये नोंदीमध्ये प्राचलांच्या रूपाने उतरतात.

४. ओळख-क्रमांक : समक्रमणाचा पाया

पहिल्या प्रेषणाच्या वेळी ज्या परिदृश्यावर क्रमांकाची खूण नाही, त्याच्यासाठी प्रणालीत नवी नोंद तयार होते आणि तिचा क्रमांक परिदृश्याच्या वर खुणेच्या रूपाने लिहिला जातो. वरील उदाहरणातील ‘@टीसी:१०४२’ ही तीच खूण होय. यानंतर परिदृश्याचे नाव बदलले, ते दुसऱ्या फाइलीत हलविले, तरी दुवा अबाधित राहतो. कारण ओळख नावावर अवलंबून नसून क्रमांकावर अवलंबून असते.

येथे दोन चुका संभवतात. पहिली, खूण अनवधानाने पुसली जाणे. अशा वेळी साधन त्या परिदृश्यास नवे समजते आणि दुसरी नोंद निर्माण करते. जुन्या नोंदीवरील निकालांचा इतिहास मागे राहतो. दुसरी चूक म्हणजे परिदृश्याची नक्कल करताना खूणही नकलून घेणे. मग दोन परिदृश्ये एकाच नोंदीवर हक्क सांगतात. नवे परिदृश्य जुन्यावरून तयार करताना क्रमांकाची खूण प्रथम काढावी, हा नियम विद्यार्थ्यांना आरंभीच शिकविणे हितावह ठरते. तसेच प्रेषणानंतर खुणा लिहिल्या गेलेल्या फाइली सामायिक संहितासंग्रहात त्वरित जमा केल्या पाहिजेत. अन्यथा दुसऱ्या सहकाऱ्याच्या संगणकावरून त्याच परिदृश्यांच्या पुन्हा नव्या नोंदी होतात.

५. कॉन्फिगरेशनमधील प्रमुख निर्णय

स्पेकसिंकची मांडणी प्रकल्पाच्या फोल्डरमधील ‘स्पेकसिंक डॉट जेसन’ या फाइलीत लिहिली जाते. आरंभाची आज्ञा दिली असता साधन काही प्रश्न विचारून ही फाइल तयार करून देते. तीत प्रकल्पाचा पत्ता, खुणांचे उपसर्ग आणि समक्रमणाचे नियम असतात. तांत्रिकदृष्ट्या हे काम अल्पावधीचे आहे. खरा विचार पुढील निर्णयांसाठी करावा लागतो.

अ) मूळ प्रत कोणती ? पायऱ्यांचा मजकूर फाइलीत बदलायचा की प्रणालीत, हे आधी ठरविले पाहिजे. सामान्यतः फाइल ही मूळ प्रत मानून प्रेषण एकाच दिशेने ठेवणे श्रेयस्कर. प्रणालीतील बदल फाइलीत आणण्याची सोयही उपलब्ध आहे, मात्र ती कॉन्फिगरेशनमध्ये मुद्दाम सुरू करावी लागते. दोन्ही बाजूंनी लिहिण्याची मुभा दिली, तर एकाच पायरीत दोघांनी भिन्न बदल केल्यास निवाडा कोणी करायचा, हेही ठरवावे लागते.

आ) कोणता रकाना कोणाच्या ताब्यात ? पायऱ्या फाइलीतून येतात. परंतु जबाबदार व्यक्ती, प्राधान्य व चर्चा हे प्रणालीतच राहू द्यावे. परीक्षकाने प्रणालीत केलेले काम प्रत्येक प्रेषणात पुसले जाऊ लागले, तर त्याचा या व्यवस्थेवरील विश्वास उडतो आणि तो स्वतःची तिसरी नोंद ठेवू लागतो.

इ) गरजेशी दुवा कसा जोडायचा ? ‘स्टोरी’ हा उपसर्ग कॉन्फिगरेशनमध्ये नोंदविल्यास ‘@स्टोरी:३१७’ या खुणेवरून संबंधित गरजेशी चाचणीची जोडणी आपोआप होते.

ई) बदललेल्या चाचणीची स्थिती काय असावी ? विलंब शुल्क १ रुपयावरून २ रुपये झाले, तर परिदृश्य बदलते. ते बदलताच नोंदीची स्थिती ‘तयार’ वरून पुन्हा ‘आराखडा’ करण्याचा नियम लिहिता येतो. त्यामुळे बदललेला नियम कोणीतरी वाचून मान्य केल्याशिवाय चाचणी मान्यताप्राप्त ठरत नाही.

उ) प्रवेशाची किल्ली कोठे ठेवायची ? प्रणालीत शिरण्यासाठी वैयक्तिक प्रवेश-संकेत वापरला जातो. तो सामायिक कॉन्फिगरेशन फाइलीत कदापि लिहू नये.

६. कार्यवाहीचा क्रम

प्रथम थोडी परिदृश्ये निवडून कोरडी चाचणी घ्यावी. साधनात तशी सोय असून तीत प्रत्यक्ष बदल न करता काय घडेल एवढेच दाखविले जाते. तीन नव्या नोंदी अपेक्षित असताना मोठा आकडा दिसला, तर खुणा पुसल्या गेल्याचा तो इशारा समजावा. त्यानंतर प्रत्यक्ष प्रेषण, मग फाइली संग्रहात जमा करणे, आणि शेवटी चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध करणे, असा क्रम ठेवावा. नित्याचे प्रेषण स्वयंचलित बांधणी-सर्व्हरवर सोपविल्यास तेथे स्थानिक फाइलींत बदल करण्यास मनाई करणारा पर्याय निवडावा. कारण सर्व्हरवर लिहिलेली खूण संग्रहात परत न आल्यास दुवा तुटतो.

७. मर्यादा

समक्रमणाने दोन नोंदी सारख्या होतात. त्या बरोबर होतातच असे नाही. सुट्टीच्या दिवसांचे शुल्क आकारायचे की नाही, हा नियमच परिदृश्यात सुटला असेल, तर ती उणीव दोन्हीकडे तंतोतंत उतरते. तसेच साधने चिरस्थायी नसतात. डॉट नेट क्षेत्रात दीर्घकाळ वापरात असलेल्या स्पेकफ्लो या साधनाचा आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजी थांबला. त्याच्या मुक्त संहितेवरून २०२४ मध्येच रेक्नरोल हे साधन पुढे आले. घर्किनमधील परिदृश्ये साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्यामुळे ती नव्या साधनाकडे नेता आली. फाइल ही मूळ प्रत मानण्यास यातून आणखी एक आधार मिळतो.

८. समारोप

समक्रमण म्हणजे नक्कल करण्याचे यंत्र नव्हे. कोणत्या माहितीवर कोणाचा अधिकार, दुवा कोणता आणि बदल कोणी तपासायचा, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे म्हणजे कॉन्फिगरेशन होय. ही उत्तरे साधन देत नाही. ती विकसक व परीक्षक यांनी एकत्र बसून द्यावयाची असतात. विद्यार्थी-प्रकल्पांत दोन-चार परिदृश्यांपुरती जरी ही शिस्त आणली, तरी अहवालातील ‘चाचणी उत्तीर्ण’ या शेऱ्यामागे नेमकी कोणती चाचणी उभी आहे, हे परीक्षकास क्रमांकावरून पडताळता येईल. ज्या विद्यार्थ्याकडून ५ रुपयांऐवजी १० रुपये घेतले जातील, त्याच्या दृष्टीने ही पडताळणी औपचारिक नसते.