'देवाची इच्छा' ओळखावी कशी?

जालना - शिक्षण, नोकरी, विवाह किंवा स्थलांतर. आयुष्यातील महत्त्वाचा निर्णय घेताना श्रद्धावान ख्रिस्ती माणूस प्रथम एक प्रश्न विचारतो, 'यात देवाची इच्छा काय आहे?' या प्रश्नाचे जालन्याच्या इतिहासाशी जवळचे नाते आहे.

जालन्यातील ख्रिस्ती समाजाची पायाभरणी करणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री मूळचे ब्राह्मण कुटुंबातील. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या सहवासात आलेल्या या तरुणाने १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि अल्पवयीन श्रीपत त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठे वादळ उठले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. एकाने अंतःकरणातील हाक मानून घेतलेल्या निर्णयाची किंमत संपूर्ण घराला मोजावी लागते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

पुढे १८६० च्या दशकात शेषाद्री जालन्यात कार्यरत झाले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल' ही वसाहत वसविली. मांग व महार समाजांतील अनेक कुटुंबांना तेथे आधार मिळाला. बेथेल म्हणजे देवाचे घर. बायबलमधील याकोब घर सोडून पळत असताना, वाटेत त्याला देवाचे दर्शन झाले आणि त्या जागेला त्याने हे नाव दिले, अशी कथा आहे.

कौल नव्हे, पारख

ग्रामदैवताला कौल लावण्याची प्रथा मराठी वाचकाला परिचित आहे. बायबलमध्येही गिदोन लोकरीच्या साहाय्याने खूण मागतो, तर यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून होते. तथापि, पवित्र शास्त्र डोळे मिटून उघडावे आणि बोट पडेल तीच आज्ञा मानावी, या पद्धतीला पाळक सहसा उत्तेजन देत नाहीत. प्रार्थना, शास्त्राचे नियमित वाचन, अनुभवी व्यक्तींचा सल्ला आणि परिस्थितीचा विचार या चारही गोष्टी एकत्र पाहाव्यात, अशी शिकवण दिली जाते.

कॅथॉलिक परंपरेत संत इग्नेशियस लोयोला यांनी याची शिस्तबद्ध रीत घालून दिली. त्यांचा 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ १५४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या विचाराने मनाला टिकाऊ शांती लाभते व कोणत्या विचाराने ते कोरडे पडते, याचे निरीक्षण करावे; मन खिन्न असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, असे ते सांगतात.

अधिकार आणि मर्यादा

'देवाने मला सांगितले' या वाक्यापुढे चर्चा थांबते, आणि धोकाही तेथेच असतो. वडिलांनी मुलीच्या विवाहाबाबत किंवा एखाद्या पुढाऱ्याने मंडळीच्या कारभाराबाबत हे वाक्य उच्चारले, तर इतरांना प्रश्न विचारणे अवघड होते. प्रेषितांच्या कृत्यांतील यरुशलेमची सभा या दृष्टीने बोलकी आहे. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना यहुदी नियमशास्त्र लागू करावे काय, या प्रश्नावर तेथे आधी वादविवाद झाला, अनुभव ऐकले गेले आणि मगच निर्णय झाला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. दुरावा, दुःख आणि दीर्घ विचार यांतून काही वर्षांनी त्यांनी तोच मार्ग स्वीकारला, तो मात्र स्वतःच्या निश्चयाने. 'स्मृतिचित्रे'त तो प्रवास त्यांनी नोंदविला आहे. पतीला लाभलेला प्रकाश पत्नीला आपोआप लाभत नाही. मार्गदर्शन मागता येते, सल्ला घेता येतो. निर्णयाची जबाबदारी मात्र ज्याची त्यालाच उचलावी लागते.