घट बसण्यापूर्वीची धुणी

पितृपंधरवडा सरत आला की भोर-वेल्ह्याच्या घराघरांतून चादरी, पडदे, गोधड्या बाहेर निघतात. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. पण तोरण्यावरील मेंगाईच्या या मुलखातील परिपाठ जुनाच. घट बसण्यापूर्वी घरातील चिंधीन्चिंधी धुऊन निघाली पाहिजे. पूर्वी हे काम नीरा, गुंजवणी, कानंदीच्या काठच्या खडकांवर होई. आता मोरीच्या कोपऱ्यात धुलाईयंत्र आले आहे आणि त्याच्या शेजारी ब्लीचची बाटली. यंत्र पुष्कळ सोसते; ब्लीच मात्र सोसत नाही.

आमच्याच घरची गोष्ट. आजीच्या वेळचा रेशमी मुकटा अष्टमीच्या पूजेसाठी राखलेला होता. तो उजळावा म्हणून आम्ही चादरींबरोबर ब्लीचच्या पाण्यात भिजविला. काढला तेव्हा तो पिवळा पडला होता आणि पिळताना त्याचे धागे हाती आले. रेशीम व लोकर ही प्रथिनांची बनलेली. ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट ती प्रथिनेच खाऊन टाकते. कद, मुकटा, धाबळी म्हणजे आपले बहुतेक सोवळेच की! ते रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवावे व सावलीत वाळवावे. ब्लीच पांढऱ्या सुती कापडापुरतेच. हळदीच्या डागासाठी तर त्याची गरजच नाही. साबण लागताच हा डाग लाल होतो, म्हणून घाबरू नये. कापड धुऊन उन्हात टाकले की तो आपोआप विरतो.

यंत्रात ब्लीचचा वेगळा कप्पा असल्यास बाटलीवर सांगितलेले माप त्यातच घालावे. नसल्यास ते आधी बादलीभर थंड पाण्यात मिसळावे. कोरड्या कपड्यांवर थेट ओतल्यास भोके पडतात. शेवटी एक पाणी जास्त घ्यावे. हातमोजे घालावेत. ओली गोधडी मात्र यंत्राला पेलत नाही. ती दगडावरच धुतलेली बरी.

खरा धोका निराळाच आहे. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्याच मोरीत ताम्हन-पळी चिंच-लिंबाने उजळतात, शेजारी संडासात ॲसिड पडते. आम्लाशी ब्लीचची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्र येथे रणांगणावर सोडला गेला तो हाच. विहिरीत टाकतात ती टी.सी.एल. पावडरही याच कुळातील. तिलाही हाच नियम. अमोनिया असलेल्या द्रवाशीही ब्लीच मिसळू नये. एक काम संपवावे, मोरी भरपूर पाण्याने धुवावी, मगच दुसरे हाती घ्यावे. खिडकी सताड उघडी असावी. घशात खवखव, डोळ्यांत चुरचुर जाणवताच बादल्या आवरीत न बसता मोकळ्या हवेत यावे. श्वास लागत असेल तर दवाखाना गाठावा. डोळ्यांत थेंब उडाल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. पोटात गेल्यास ओकारी काढू नये. बाटलीसह तडक डॉक्टरांकडे जावे.

आणि ती बाटली! उरलेले ब्लीच शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची खोड पुष्कळ घरांत आहे. नवरात्रात अखंड दिव्याला तेल घालण्यास मुले हौसेने पुढे होतात. तेलाच्या बाटल्यांच्या रांगेत ही बाटली कधीही नसावी. ती मूळ नावाच्या चिठ्ठीसह, झाकण घट्ट लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवावी.