आधी झाकण, मग चहा

पावसाळा लागला की मंडईत आल्याच्या ढिगाशेजारी गवती चहाच्या जुड्या येऊन बसतात. घरोघरी त्यांचं एकच होतं. पाती मुरगळून पातेल्यात टाकायच्या, साखर-पत्तीबरोबर खळाखळा उकळायच्या आणि घरभर सुटलेल्या वासावर खूश व्हायचं. आता घरभर पसरला तो वास कपात कुठून उरणार? गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रल या द्रव्याचा. ते पातीतल्या तेलात असतं आणि वाफेबरोबर उडून जातं. तेल काढणारे कारखाने याच गुणावर चालतात: पातींतून वाफ सोडायची, ती थंड करायची, की वर तेल तरंगतं. आपण उघड्या पातेल्यात तेच तेल छताला पाजतो.

म्हणून पात कात्रीने बारीक कापा, पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, पात टाका आणि ताबडतोब झाकण ठेवा. सात-आठ मिनिटं पुरतात. झाकण उचलताना आतल्या बाजूचे थेंब ओट्यावर सांडू नका, पातेल्यातच पाडा. त्यांना हुंगून बघा म्हणजे कारण कळेल. तुळस, पुदिना, ओवा यांनाही हाच नियम. सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध यांचं मात्र याने भागत नाही. साल आणि मुळी कठीण, ती मंद आचेवर उकळावीच लागते. दोन्ही एकत्र करायचं असेल तर आधी मुळ्या उकळा, पानं शेवटी.

आयुर्वेदाने हा भेद केव्हाच केला आहे. शार्ङ्गधरसंहितेत काढ्यासाठी औषधाच्या सोळापट पाणी घेऊन ते आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायला सांगितलं आहे. फांट म्हणजे चौपट गरम पाण्यात भिजवून गाळलेला अर्क, आणि हिम म्हणजे सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवलेला. ही प्रमाणं औषधाची. रोजच्या कपाला एवढा कडकपणा झेपणार नाही.

तो झेपत नाही हे २०२० साली कोरोनाच्या साथीत बऱ्याच पोटांना कळलं. आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात तुळस ४ भाग, दालचिनी आणि सुंठ प्रत्येकी २ भाग, मिरी १ भाग, आणि ही पूड दीडशे मिलिलिटर पाण्याला फक्त ३ ग्रॅम होती. घराघरांत मात्र मूठभर मिरी-लवंगा अर्धा तास आटवून उपाशीपोटी घेतल्या गेल्या. मग जळजळ झाली, की दोष काढ्याला! सुंठ तर ओल्या आल्यापेक्षा तिखट असते, कारण वाळताना आल्यातल्या जिंजेरॉलचा काही भाग जास्त झणझणीत शोगॉलमध्ये बदलतो.

ज्येष्ठमधाचं दुखणं वेगळं. गोड लागतं, घसा निवतो, म्हणून दिवसातून चार वेळा प्यायलं जातं. त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं आणि रक्तदाब चढवतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हा चहा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो.

आणि झोपेचं काय? ब्राझीलमध्येही मन शांत व्हावं म्हणून गवती चहा पितात. तिथल्याच संशोधकांनी १९८६ साली माणसांवर चाचणी घेतली, तेव्हा झोप आणणारा किंवा काळजी घालवणारा गुण काही दिसला नाही. तरी रात्री हा कप बरा वाटतो. ऊन ऊन पेय, हातातला मोबाइल बाजूला, दहा मिनिटं निवांत. मला तेवढं पुरेसं वाटतं. फक्त त्यात चहाची पत्ती नको. पत्ती पडली की कॅफीन आलं, मग शांत झोपेची अपेक्षा कशाला ठेवायची?

गवती चहा घरी लावायचा तर जुडी निवडताना बुडखा आणि थोडी मुळं शाबूत असलेली बघून घ्या. पावसाळ्यात कुंडीत खोचली की बेट धरते. कापताना बुंध्याकडे चार बोटं ठेवून कापा, पुन्हा फुटते. पातीची कड बोट चिरते, तेव्हा हाताने ओढू नका, कात्रीच वापरा.